हिरव्या शेंबड्याचे शास्त्रीय नाव

समुद्राच्या उथळ, उबदार पाण्यात चुन्याचा सांगाडा रचून त्यावर कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ देहाने पसरून राहणाऱ्या प्राण्यांना दगडी प्रवाळ म्हणतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचे काम जगात दोन वर्ग मोठ्या निष्ठेने करतात. 'नावे ठेवणे' या मराठी वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ येथे लागू पडतात, कारण प्रत्येक वर्ग प्रवाळाला एक नाव ठेवतो आणि दुसऱ्या वर्गाने ठेवलेल्या नावाला अनेक नावे ठेवतो. पहिला वर्ग वर्गीकरणशास्त्रज्ञांचा. दुसरा वर्ग रीफ टँक बाळगणाऱ्या हौशी मंडळींचा, म्हणजे घरातल्या काचेच्या पेटीत खारे पाणी, पंप, दिवे आणि पगाराचा बराचसा भाग ओतून त्यात जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्यांचा. या पंथाचे मुख्य पीठ अमेरिकेत असून शाखा इतरत्रही पसरल्या आहेत. शास्त्रज्ञ प्रवाळ ओळखण्यापूर्वी त्याचा रंग काढून टाकतो आणि हौशी माणूस रंगापलीकडे काही पाहतच नाही, तरीही आपण एकाच प्राण्याविषयी बोलत आहोत अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत असते.

शास्त्रज्ञांची रीत आधी सांगणे बरे, कारण ती जुनी आहे आणि तिच्यात कोणी कोणाला काही विकत नाही. प्रवाळाचा एकेक जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, तो सांगाड्यातील ज्या इवल्याशा वाटीत बसतो तिला कोरलाइट हे नाव आहे. त्या वाटीचा व्यास किती, तिच्या आत उभे पडदे किती, तिचा ओठ बाहेर वळलेला आहे की कापल्यासारखा सरळ आहे, अशा गोष्टींवरून जाती ठरतात. अॅक्रोपोरा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या ज्या गोतावळ्याशिवाय कोणतीही रीफ टँक पूर्ण मानली जात नाही त्यात, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक मुख्य वाटी आणि बाजूंना दुय्यम वाट्या असतात, आणि शास्त्रज्ञांचा सारा वाद या दुय्यम मंडळींच्या आकारावर चालतो. हे सर्व पाहायचे तर वरचा जीव बाजूला करावा लागतो. त्यासाठी प्रवाळाचा तुकडा एकदोन दिवस ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवतात. मांस विरघळते, रंग जातो, आणि संग्रहालयाच्या खणात ठेवण्याजोगा पांढराशुभ्र सांगाडा उरतो. अर्थात प्रवाळ कोण आहे हे नक्की कळण्यासाठी तो आधी नाहीसा व्हावा लागतो.

इतका बळी घेऊनही एकमत होतेच असे नाही. टाउन्सव्हिल येथील संग्रहालयात काम केलेल्या कार्डन वॉलेस यांनी १९९९ मध्ये जगातील अॅक्रोपोरांचा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात शंभराहून थोड्या अधिक जाती होत्या. पुढच्याच वर्षी चार्ली व्हेरॉन यांचा जगातील प्रवाळांवरील तीन खंडांचा सचित्र ग्रंथ आला आणि त्यातील अॅक्रोपोरांची संख्या दीडशेच्या पुढे गेली. एका वर्षात प्रवाळ इतके प्रसवत नाहीत. खरी अडचण अशी की हा प्राणी जागा पाहून अंग बदलतो: लाटांच्या माऱ्यात तो आखूड, जाडजूड फांद्या काढतो आणि तोच शांत पाण्यात लांबसडक होतो, त्यामुळे एकाच्या दृष्टीने जी वेगळी जात, ती दुसऱ्याच्या दृष्टीने बदलीच्या गावी गेलेली जुनीच व्यक्ती ठरते.

हौशी मंडळींना असल्या अडचणी नाहीत, कारण त्यांची परिभाषा मिठाईच्या दुकानातून येते. गुलाबी कडांचा एक अॅक्रोपोरा 'स्ट्रॉबेरी शॉर्टकेक' म्हणून ओळखला जातो, दुसरा 'पिंक लेमोनेड', आणि मॉन्टिपोरा या दुसऱ्या प्रजातीतला बोटांसारख्या फांद्यांचा एक 'बबलगम'. मिठाई संपली की कॉमिक्स आणि चित्रपट उघडले जातात: निळसर अंगावर तांबडे पॉलिप असलेला मॉन्टिपोरा पोशाखाच्या रंगसंगतीमुळे 'सुपरमॅन' झाला, आणखी एक 'जेडाय माइंड ट्रिक' झाला, आणि निळा, हिरवा, गुलाबी, पिवळा असे सारे रंग एकाच फांदीवर मिरवणारा अॅक्रोपोरा 'वॉल्ट डिस्ने' या नावाने नांदू लागला. या नावांच्या यादीतून प्रवाळांविषयी फारसे काही कळत नाही, पण ती देणाऱ्या प्रौढ गृहस्थाचे बालपण कोणत्या वर्षी, कोणत्या दूरदर्शन संचासमोर आणि काय खात गेले, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. 'होमरेकर', म्हणजे शुद्ध मराठीत घरफोड्या, हे नाव मात्र बालपणाशी संबंधित नाही. ज्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्याला शेकडो डॉलर मोजले गेले आहेत, अशा तांबड्या-केशरी अॅक्रोपोराचे ते नाव आहे आणि ते कोणत्या घराला उद्देशून आहे हे गिऱ्हाइकाच्या पत्नीला समजावून सांगावे लागत नाही.

दोन रीतींमधील अंतर एका उदाहरणात नेमके मोजता येते. १९२८-२९ साली ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे नेतृत्व मॉरिस याँग यांनी केले, आणि प्रवाळ कसे खातात, कसे वाढतात याच्या अभ्यासात त्या मोहिमेचे स्थान मोठे आहे. या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ व्हेरॉन आणि वॉलेस यांनी १९८४ मध्ये एका देखण्या अॅक्रोपोराचे नामकरण अॅक्रोपोरा याँगी असे केले. हाच प्रवाळ हिरव्या रूपात जेव्हा टँकमध्ये आला, तेव्हा त्याला पाण्याबाहेर काढताच तो विपुल चिकट स्राव गाळतो एवढी एकच गोष्ट हौशी लोकांच्या नजरेत भरली, आणि तेव्हापासून तो 'ग्रीन स्लायमर', म्हणजे हिरवा शेंबड्या, म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच प्राण्याच्या एका नावात गुरुवंदना आहे आणि दुसऱ्या नावात नाक पुसायला रुमाल नाही.

मराठी वाचकाने यावर फार हसू नये, कारण रंगाला खाद्यपदार्थाचे नाव देण्याची खोड अमेरिकेची मक्तेदारी नाही. साडीच्या दुकानातील गादीवर बसलेली गृहिणी श्रीखंडी, आमसुली, डाळिंबी, कोनफळी आणि लिंबू असे रंग मागते तेव्हा दुकानदार तिला स्वयंपाकघराकडे पाठवत नाही. तो नेमका तोच रंग उलगडून समोर टाकतो. फरक इतकाच की आमसुली हे नाव रंगाचे आहे आणि त्या रंगाच्या हजार साड्या असू शकतात, तर 'स्ट्रॉबेरी शॉर्टकेक' हे नाव रंगाचे असूनही ते एका व्यक्तीचे असल्याचा दावा केला जातो. शिवाय साडी दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहण्याचा शहाणपणा गिऱ्हाईक दाखवते. प्रवाळाच्या बाबतीत हा शहाणपणा सर्वांत महाग पडतो, आणि त्याचे कारण रंग मुळात कोठून येतो यात आहे.

प्रवाळाच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करते, त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाड्यादाखल देते, आणि या भाडेकरूचा रंग असतो तपकिरी. त्यावर प्रवाळ स्वतःची प्रथिने चढवतो. त्यांतील काही प्रथिने निळा उजेड गिळून हिरवा किंवा तांबडा उजेड बाहेर टाकतात, म्हणजे स्वतः चमकतात. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये शोधलेल्या आणि २००८ च्या नोबेल पारितोषिकाला कारण ठरलेल्या हिरव्या प्रथिनाची ही भावंडे. दुसरी काही प्रथिने न चमकता केवळ जांभळी-निळी दिसतात. हा सारा साज उजेडावर, पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेटवर आणि प्रवाळाच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. पाण्यात खाद्यद्रव्य वाढले की भाडेकरू वाढतात आणि मालकाचे घर तपकिरी दिसू लागते; इंग्रजीत याला 'ब्राउन आउट' म्हणतात आणि तो शब्द हौशी मंडळी ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात मराठीत 'दिवाळे' हा शब्द उच्चारतात.

त्यामुळे दुकानातला टँक गडद निळ्या दिव्याखाली ठेवलेला असतो. या निळ्या उजेडात, साधारण ४२० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, चमकणारी प्रथिने पेटून उठतात आणि बाकी सर्व जग, दुकानदाराच्या चेहऱ्यासह, काळवंडते. त्यावर कॅमेऱ्याला पिवळी किंवा नारिंगी काच लावून निळा उजेड गाळला की छायाचित्रात जे अवतरते ते समुद्रात कोणत्याही माशाने पाहिलेले नसते. गिऱ्हाईक ते छायाचित्र पाहून पैसे देते, पुडी घरी आणते, पांढऱ्या दिव्याखाली उघडते आणि तिच्यात एक हिरवट-तपकिरी काडी निघते. विक्रेत्याला विचारले असता तो शांतपणे सांगतो की प्रवाळ अजून 'रंगला' नाही. हे उत्तर सहसा खोटे नसते, आणि तीच त्याची खरी ताकद आहे. खरे पाहता 'वॉल्ट डिस्ने' हे प्रवाळाचे नाव नसून एका प्रवाळाचे, एका दिव्याखालचे, एका चांगल्या महिन्यातील नाव आहे. एखाद्या माणसाला त्याच्या लग्नाच्या फोटोवरून जन्मभर 'नवरदेव' म्हणावे तसे ते आहे.

मधल्या मार्गाने जाणारेही आहेत. त्यांना शास्त्रीय नावाचा आदर असतो, पण ते पूर्ण उच्चारण्याची सवड नसते. म्हणून पांडुरंगाचा जसा पांडू होतो तसा अॅक्रोपोराचा अॅक्रो, मॉन्टिपोराचा मॉन्टी आणि मिलेपोराचा मिली होतो. अॅकँथॅस्ट्रिया या भारदस्त नावाचे असेच 'अॅकन' झाले आणि लाडके झाले. पुढे रेण्वीय अभ्यासांतून, म्हणजे डीएनए ताडून, कळले की बाजारातील सर्वांत रंगीत 'अॅकन', ज्याचे जातिनाम लॉर्डहोवेन्सिस, ते अॅकँथॅस्ट्रिया नव्हेच. २०१६ मध्ये ते मायक्रोमुसा या प्रजातीत गेले. हिंद-प्रशांत महासागरांतील 'फाविया' २०१२ मध्ये डिप्सॅस्ट्रिया झाल्या आणि फाविया हे नाव अटलांटिकने राखले. हातोड्याच्या आकाराच्या मिशा असलेले 'हॅमर' आणि बेडकाच्या अंड्यांसारखे दिसणारे 'फ्रॉगस्पॉन' हे २०१७ मध्ये युफिलियामधून फिम्ब्रियाफिलियामध्ये गेले, पण त्यांच्या शेजारी ठेवलेला 'टॉर्च' युफिलियाच राहिला. दुकानातील पाट्या यांपैकी कशानेही हलल्या नाहीत. घटस्फोट झाला, वाटण्या झाल्या, आडनावे बदलली, तरी गल्लीत लोक जुन्याच नावाने हाक मारतात, त्यातला हा प्रकार. अपवाद म्हणून एक ओळख फार सोपी आहे: फुलांच्या ताटव्यासारख्या डोलणाऱ्या दोन प्रवाळांपैकी गोनिओपोराच्या पॉलिपला चोवीस मिशा असतात आणि अल्व्हिओपोराच्या पॉलिपला बारा. हे ब्लीचशिवाय, केवळ मोजून ठरते, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी मोजत नाही.

येथे शास्त्रज्ञांच्या कुचेष्टेला न जुमानता हौशी नावांची बाजू घेणे भाग आहे, आणि ती घेण्यासाठी कोकणातून जावे लागते. दगडी प्रवाळाची फांदी मोडून दुसऱ्या दगडावर चिकटवली की ती स्वतंत्रपणे वाढते. अशा तुकड्याला 'फ्रॅग' म्हणतात आणि मूळ प्रवाळाला 'मदर कॉलनी'. म्हणजे हे कलमच झाले. हापूस ही आंब्याची जात शास्त्राच्या अर्थाने 'जाती' नव्हे, जाती एकच, मँजिफेरा इंडिका. हापूस म्हणजे एका झाडाचा देह, कलमांकरवी बागाबागांतून पसरलेला, आणि आफोन्सो या पोर्तुगीज नावाची मराठी जिभेने केलेली चटणी त्याला चिकटलेली. बाठ्यापासून हापूस उगवत नाही, तसा अंड्यापासून 'वॉल्ट डिस्ने' निपजत नाही. या दृष्टीने हौशी नाव शास्त्रीय नावापेक्षा अधिक नेमके आहे: अॅक्रोपोरा टेन्युइस म्हटल्याने असंख्य प्रवाळांपैकी कोणताही सूचित होतो, तर 'होमरेकर' म्हटल्याने, व्यवहार सचोटीचा असल्यास, एकच. आणि हे नाव कोणत्याही डीएनए प्रयोगशाळेला बदलता येत नाही.

सचोटी ही अट मात्र जड आहे. देवगडच्या नावाची पेटी आणि देवगडचा आंबा यांचा संबंध जसा दरवर्षी एप्रिलमध्ये संशयाचा विषय होतो, तसा फ्रॅगच्या वंशावळीचा संशय बारमाही असतो. त्यावर उपाय म्हणून विक्रेते नावाआधी आपल्या दुकानाची आद्याक्षरे जोडतात. एकाच मूळ प्रवाळाचे तुकडे तीन दुकानांतून तीन आद्याक्षरांनिशी तीन भावांना विकले जाणे त्यामुळे सोपे होते. 'ओजी', म्हणजे अस्सल मूळचा, ही पदवी त्यानंतर आली, कारण अस्सल या शब्दाची गरज नक्कल झाल्यावरच पडते. कुलवृत्तांत छापून घेणाऱ्या घराण्यांना हे सांगायला नको. गोव्यातील मानकुराद आंब्याचे नाव मात्र या बाजारात कोणी उचललेले नाही: ते 'वाईट रंगाचा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांवरून आले असे सांगतात, आणि तरी तो आंबा गोव्यात सर्वांत मानाचा आहे. ब्राउन आउट झालेल्या टँकच्या मालकांनी हे नाव विचारात घेण्यासारखे आहे.

मराठी भाषेने स्वतः प्रवाळाचा प्रश्न फार पूर्वी एका शब्दात मिटवला आहे. मंगळासाठी अंगठीत घालायचे पोवळे, एवढाच तिचा प्रवाळाशी घरगुती संबंध. आणि ते पोवळे दगडी प्रवाळांपैकी नाहीच, भूमध्य समुद्रातील आठ मिशांच्या वेगळ्या कुळाचे ते अपत्य आहे. पण त्याची थोरवी अशी की त्याचा तांबडा रंग सांगाड्यातच मुरलेला असतो, म्हणून तो मेल्यावरही टिकतो, दिव्यावर अवलंबून राहत नाही आणि ज्योतिषाने सांगितलेल्या बोटात कधी ब्राउन आउट होत नाही. संस्कृतात प्रवाळ म्हणजे कोवळा अंकुर आणि विद्रुम या शब्दात तर द्रुम, म्हणजे झाडच आहे. पण प्राण्याला झाड समजण्यावर हसण्यात अर्थ नाही, कारण मार्सेयच्या पेसॉनेल यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवाळ हा प्राणी आहे असे पॅरिसच्या विद्वत्सभेला कळवले, तेव्हा त्या सभेतील रेओम्यूर यांनी बिचाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून ते मत त्याचे नाव गाळून सभेपुढे ठेवले. खुद्द महाराष्ट्राच्या समुद्रात, विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली एक मोठा प्रवाळमंच आहे आणि त्याला कान्होजी आंग्र्यांवरून आंग्रिया बँक म्हणतात. तेथील प्रवाळांना मिठाईची नावे मिळण्याचा धोका नाही, कारण २००१ पासून भारतातील सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला, बसलेले आहेत.

जगाच्या बाजारातही कायदा आहे, आणि त्याची नाव घेण्याची रीत तिसरीच आहे. दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणून इंडोनेशिया किंवा ऑस्ट्रेलियातून निघालेल्या प्रत्येक खोक्याबरोबर परवाना लागतो. पण जाती ओळखायला ब्लीच लागते हे करार करणाऱ्यांनाही ठाऊक असल्यामुळे अनेक प्रवाळांच्या बाबतीत केवळ प्रजातीचे नाव चालते. म्हणून जो जीव दुकानात शिरताच 'वॉल्ट डिस्ने' होणार असतो, तो विमानतळावर 'अॅक्रोपोराची कोणतीतरी जात' असतो, आणि जकातीच्या अधिकाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही.

या सर्व नाट्यात 'टेन्युइस' या नावाचे हाल विशेष झाले. लॅटिनमध्ये याचा अर्थ सडपातळ. जेम्स ड्वाइट डेना यांनी १८४६ मध्ये फिजीच्या नमुन्यावरून ते दिले, आणि नंतर तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत जो जो नाजूक, नीटस अॅक्रोपोरा दिसला त्याला ते लावले गेले. 'वॉल्ट डिस्ने' आणि 'होमरेकर' हे दोघेही बाजारात टेन्युइसच म्हणवतात. अलीकडे शास्त्रज्ञांनी डीएनए ताडून पाहिले, तेव्हा ही एक जात नसून अनेक असल्याचे आणि खरी टेन्युइस फिजी-टोंगाच्या आसपासच असल्याचे दिसले. ग्रेट बॅरियर रीफवरच्या प्रवाळाला अॅक्रोपोरा केंटी हे १८९२ मधील जुने नाव माळ्यावरून काढून परत देण्यात आले. यापुढे नाव सांगायचे तर आधी गाव सांगावे लागणार.

हौशी माणसावर ती वेळ एका विशिष्ट सकाळी येते. अॅक्रोपोरांना एक विकार होतो, ज्यात काही तासांत सारे मांस सांगाड्यावरून सुटून वाहून जाते; रात्री दिवे मालवताना जो 'होमरेकर' केशरी होता, तो सकाळी पांढराफटक उभा असतो. संग्रहालयात ब्लीचने जे एकदोन दिवसांत साधते ते टँकमध्ये एका रात्रीत, फुकट, साधलेले असते: वाट्या स्वच्छ, ओठ स्पष्ट, पडदे मोजण्याजोगे. आयुष्यात पहिल्यांदाच तो ओळखण्यालायक झालेला असतो. मालक तो तुकडा कागदात गुंडाळून ओळखीच्या शास्त्रज्ञाकडे नेतो, शास्त्रज्ञ भिंगाखाली धरून समाधानाने मान डोलावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, हा कुठल्या समुद्रातला. मालक खिशातून दुकानाची पावती काढतो.